वाढली म्हणायचं

"हात सैल सोड. हात आता तुजा न्हाई, माझा हाय."

दुकानात बाई बसली की कासारीण काकू आधी हे म्हणायच्या. मग तिचा हात आपल्या डाव्या हातात घ्यायच्या आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघायला लागायच्या. नव्या बाईला वाटायचं, हिचं आपल्याकडे लक्षच नाही. पण काकूंचं सगळं लक्ष डाव्या हाताच्या अंगठ्यात असायचं. त्या अंगठ्यानं त्या समोरच्या हाताची हाडं चाचपायच्या, पंजा चारी बाजूंनी दाबून चोचीसारखा करायच्या आणि माप न लावता म्हणायच्या, "दोन-चार. पर तुला दोन-सहा लागतील असं वाटत हुतं न्हवं?" बाई हसेपर्यंत उजव्या हातानं चार बांगड्या मनगटात गेलेल्या असायच्या.

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कासाराकडे हात दिला असेल. तेव्हा एक क्षण भीती वाटते, आता काच फुटणार. काकूंच्या हातात ती भीती वाटत नसे. मी वडगावात त्यांच्या ओट्यावर सहा वर्षं बसले. माझं पिको-फॉलचं मशीन होतं. शाळा आठवीत सुटली, लग्न झालं, दोन लेकरं झाली आणि हाताला काम हवं होतं, तेव्हा काकूंनी आपली बांगड्यांची अर्धी मांडणी आत सरकवली आणि मला जागा करून दिली. वर, प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या सांगायच्या, "साडी आणली का सोबत? बांगड्या रंगाला लावून देते. अन् फॉल हिच्याकडं टाक. हिची शिलाई उसवत न्हाई." माझी शिलाई तेव्हा चांगली उसवायची. त्यांच्या त्या बोलण्याला जागायचं म्हणून मी नीट शिवायला शिकले.

काकूंचं म्हणणं असं की तोंड काहीही बोलेल, हात खोटं बोलत नाही. एकदा एक नवी नवरी सासूबरोबर आली. सासू म्हणाली, लई सुखात हाय आमची सून. काकूंनी हात धरला, रस्त्याकडे बघितलं आणि सासूला म्हणाल्या, "तुमी जरा समोरनं लिंबू सरबत पिऊन या." सासू गेल्यावर पोरगी ढसाढसा रडली. दुसरी एक बाई हात देऊन बसली तर काकू हळूच म्हणाल्या, "सैल बांगड्या घे. पुढं हात सुजतील तुजे." दिवस गेल्याचं त्या बाईला स्वतःलाच अजून नक्की माहीत नव्हतं. मी विचारलं, "काकू, कसं काय कळतं?" तर म्हणाल्या, "मला न्हाई कळत. अंगठ्याला कळतं."

आता त्यांच्या एका शब्दाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्या शब्दावर आहे.

बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही. अशुभ वाटतं. वाढली म्हणतो. नारळ वाढवतो, संध्याकाळी दुकान बंद करतो त्यालाही दुकान वाढवतो म्हणतो. पण आपण ते तेवढ्यापुरतं म्हणतो आणि विसरून जातो. काकूंच्या घरात तसं नव्हतं. सात पिढ्या काचेत गेलेलं घर. त्यांच्या तोंडात वाढणं या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. वाढणं म्हणजे फुटणं. त्यामुळे चांगल्या गोष्टीला त्या तो शब्द लावू देत नसत. गुरुजींची बायको एकदा कौतुकानं म्हणाली, "माझी पोरगी किती वाढली बघा वर्षात." काकूंनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "शिवा शिवा. मोठी झाली म्हना ओ बाई. काचेच्या दुकानात बसून लेकराला वाढली म्हनू नका."

त्यांचे मालक, त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो, मुद्दाम छेड काढायचे. पंगतीत बसले की मोठ्यानं म्हणायचे, "जरा भात वाढा इकडं." काकू लांबून डोळे वटारायच्या. "घाला म्हनावं. भात घाला." अप्पा मला म्हणायचे, "बघ गं, हिच्यापायी मी चाळीस वर्सं उपाशी हाय. वाढ म्हनता येत न्हाई, घाल म्हनलं तर भांडण घालतीय."

आम्ही हसायचो. त्या हसण्याचं मला आज वाईट वाटतं.

काकूंच्या अंगावर गाठी होत्या. दंडाला दोन, कोपराच्या वर एक, पाठीवर एक. कातडीखाली मऊ, बोटानं ढकलली की इकडून तिकडे सरकणाऱ्या. त्यांच्या आईलाही होत्या. काकू गिऱ्हाइकांच्या लेकरांना त्या हात लावायला द्यायच्या. "दाब बघू. गोळी हाय लिमलेटची. बाहेर काढलीस तर तुजी." बायकांनी विचारलं की म्हणायच्या, "आईनं लग्नात सोनं न्हाई घातलं. ह्या घातल्या. बरं, चोराला बी नेता येत न्हाईत."

म्हणून डाव्या मनगटाशी, तळहाताच्या बुडाला, एक फुगवटा दिसायला लागला तेव्हा कोणी घाबरलं नाही. आईच्या घरची आणखी एक, एवढंच. ही मात्र सरकत नव्हती. खोल होती. दोनेक वर्षांनी काकू हात झटकायला लागल्या. बोलता बोलता डावा हात खाली सोडायच्या आणि पाणी झटकावं तसा झटकायच्या. अंगठा आणि पुढची दोन बोटं, त्यांत मुंग्या. सकाळी उठल्या की बोटं दुसऱ्याची वाटतात म्हणायच्या.

मीच म्हटलं, चला दाखवून येऊ. दुकान अप्पांवर टाकून आम्ही काळी-पिवळीनं तालुक्याच्या गावी गेलो. एक खासगी दवाखाना होता. डॉक्टर तरुण, बाहेरचा, बोलायला फार चांगला. काकूंना आजी म्हणाला नाही, काकू म्हणाला, त्यामुळे काकू खूश झाल्या. त्यानं दंडाच्या गाठी बघितल्या, पाठीची बघितली, मग मनगट हातात घेतलं.

"केव्हापासून आहे ही?"

"झाली असतील दोन-तीन वर्सं."

"दुखते?"

"दुखत न्हाई. मुंग्या येतात बोटांत."

"काम काय करता?"

"बांगड्या भरते."

"म्हणजे दिवसभर हात दाबून धरायचे. ताण येतो नसांवर. आणि ही गाठ, वाढतेय का?"

काकूंनी मनगट स्वतःच दाबून दाखवलं. "न्हाई बाबा. दाबली तरी वाढत न्हाई."

डॉक्टरनं मान डोलावली आणि कागदावर लिहिलं. मी शेजारी स्टुलावर बसले होते, काकूंची पिशवी मांडीवर घेऊन. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. डॉक्टरनं विचारलं, मोठी होतेय का, आणि काकूंनी सांगितलं, फुटत नाही. शब्द माझ्या तोंडात आला होता. डॉक्टर, त्यांना तसं म्हणायचं नाही, एवढंच बोलायचं होतं. पण टेबलामागं पेन घेऊन बसलेला माणूस दिसला की माझा आवाज जातो. शाळेत असल्यापासून जातो. बँकेत जातो, रेशनच्या दुकानात जातो. मला वाटलं, हा एवढा शिकलेला माणूस, त्याला हातात धरून कळलं असेलच. मी आठवीतली बाई, मधेच कशाला बोलू.

"या चरबीच्या गाठी असतात, काकू," डॉक्टर म्हणाला. "साध्या. कॅन्सर वगैरे नाही, घाबरू नका. शक्तीच्या गोळ्या देतो, हाताला आराम द्या. मात्र वाढली तर लगेच या. मग काढावी लागेल."

"येते की," काकू म्हणाल्या. "वाढली की येते."

परतीच्या जीपमध्ये त्या मोकळ्या होत्या. खिडकीतून वारा येत होता, पदर डोक्यावर धरून म्हणाल्या, "बरं झालं. एकदा वाढली की आपोआप मोकळं हुईल. कापायची बी गरज पडनार न्हाई."

मी म्हटलं, "काकू, डॉक्टर मोठी होतीय का असं इचारत असंल."

"मंग मोठी म्हनला असता की. तोंड न्हवतं का त्याला?"

"तसं न्हाई, ते लोक..."

"अगं, शिकलेला मानूस हाय. त्याला शब्द कळत न्हाईत व्हय?"

 जीप बरीच पुढे आली होती, घरी चार साड्यांचे फॉल राहिले होते, लेकरं शेजारणीकडे होती. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी काकू इतक्या हलक्या मनानं दुकानात बसल्या की माझ्यानं बोलवलं नाही. डॉक्टरनंच साधी म्हटलंय, मग मी कावून भीती घालू? असं करत दिवस गेले. एकदा गेलेला दिवस पुढच्या दिवसाला आणखी जड करतो. महिन्यानं सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की महिनाभर का नाही सांगितलं.

काकू गाठ फुटायची वाट बघत राहिल्या. खरंच वाट बघायच्या. सकाळी हळद-तेल लावायच्या, कपड्यानं शेकायच्या आणि दाबून बघायच्या. अप्पांनी विचारलं की, "न्हाई वाढली अजून. अख्खी हाय." ती रोज थोडी मोठी होत होती आणि त्या रोज सांगत होत्या, वाढत नाही.

दोन वर्षं गेली. मी शेजारी बसून सगळं बघत होते. आधी चहाचा कप सुटायला लागला. मग अंगठ्याच्या बुडाशी जो मांसाचा उंचवटा असतो ना, तो बसत गेला. कणकेच्या उंड्यात कोणी बोट दाबून ठेवावं तसा खड्डा. पूजेला त्या डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसायच्या, त्यांच्या लिंगायत लोकांत तशीच पूजा असते. एके दिवशी बघितलं तर त्यांनी तळहातावर रुमालाची घडी ठेवली होती आणि उजवा हात डाव्याच्या खाली आधाराला लावला होता. पाणी अप्पा घालत होते. मी बघितलं हे त्यांना कळलं. म्हणाल्या, "खाली पडलं तर काय करू गं मी?" एवढंच. पुन्हा तो विषय नाही.

बांगड्या जास्त वाढायला लागल्या. पूर्वी आठवड्यात एखादी. आता प्रत्येक हातामागं एक-दोन. बायकांना ओरखडे उठायचे. कोणी तोंडावर बोललं नाही, पण चौकात जनरल स्टोअर निघालं होतं, तिथं हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून आपली आपण बांगडी सरकवायची सोय होती. तिकडे जायला लागल्या.

आणि मग नांदूरघाटचं लग्न. नवरीचा हिरवा चुडा भरायला काकूंना मानानं बोलावलं होतं. त्या घरच्या तीन पिढ्यांचे चुडे त्यांनी आणि त्यांच्या सासूनं भरले होते. मी बरोबर गेलते. पाटावर नवरी, भोवती सगळ्या बायका. काकूंनी हात धरला. "हात सैल सोड. हात आता माझा हाय." रस्त्याकडे बघावं तसं भिंतीकडे बघितलं. पहिली बांगडी वाढली. काकू हसल्या, "नवरीचा हात हाय, लाजतोय." दुसरी वाढली. तिसरी वाढली तेव्हा नवरीच्या हाताला रक्त आलं. काकूंना रक्त आधी दिसलं, कळलं नंतर. नवरीच्या आत्यानं ताट उचललं आणि गोड आवाजात म्हणाली, "काकू दमल्यात. तुमी बसा, आमी घालतो." काकूंनी खण-नारळ घेतला. बाहेर आल्यावर बसस्टँडपर्यंत त्या आपला अंगठा उजव्या हातानं चोळत होत्या, झोपलेल्या माणसाला उठवावं तसा.

त्यानंतर चुड्याचं बोलावणं कुठून आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात माझ्या मालकाला सुरतेला लूमवर काम लागलं आणि आम्ही वडगाव सोडलं. निघताना काकूंनी माझे दोन्ही हात धरले. मी लगेच सोडवून घेतले. त्यांना वाटलं, बस निघाली म्हणून.

पुढचं मला फोनवर कळलं. लातूरला कोणा पाहुण्यानं नेऊन दाखवलं, ऑपरेशन झालं. काकू सांगत होत्या, "लिंबाएवढी निघाली बघ. पिवळी, लोन्याच्या गोळ्यावानी. त्यो म्हनला, साधी चरबी हाय, काई वाईट न्हाई. पर नसंवर बसली हुती. दोन-तीन वर्सं नस दाबून बसली. मला म्हनला, आजी, इतके दिवस कावून थांबलात? म्या म्हनलं, वाढायची वाट बघत हुते. त्यो माझ्या तोंडाकडं बघतच राह्यला. म्हनला, आवो, ती तर वाढतच हुती."

त्या हसल्या. मी सुरतेच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होते.

"मंग आता बरंय का, काकू?"

"मुंग्या गेल्या," त्या म्हणाल्या. "जाताना बोटं बी घेऊन गेल्या."

डॉक्टरनं सांगितलं होतं, लवकर आला असता तर हात पहिल्यासारखा झाला असता. आता जे गेलं ते गेलं.

गेल्या वर्षी दिराच्या लग्नाला वडगावला गेले. मनात ठरवून गेले होते की काकूंना सांगायचं. सुरतेपासून पूर्ण रस्ता मी ती वाक्यं म्हणत आले. माझ्या मशीनच्या जागी आता पिना, रबर, टिकल्यांचा स्टँड होता. अप्पा त्यापुढे बसले होते. काचेचं कपाट निम्मं रिकामं. काकू आत भिंतीला टेकून, डावा हात मांडीवर ठेवून, उसनं आणलेलं भांडं जपावं तसा.

मला बघून त्यांचं तोंड फुललं. "आली गं माय. सुरतेची शेठानी आली."

चहा झाला. लेकरांची चौकशी झाली. मी बोलायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "काकू, बांगड्या भरा की मला."

"मी न्हाई भरत आता."

"मला भरा."

"कापंल."

"कापू द्या. तुमच्याच हातच्या घालून जाईन."

अप्पा म्हणाले, "भर की. घरचीच हाय ती." काकूंनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग हिरव्या दोन-चारच्या काढल्या. माझं माप त्यांना तोंडपाठ होतं. डाव्या हातात माझा पंजा घेतला. तो हात गार होता आणि हलका होता. "हात सैल सोड," म्हणाल्या. हात माझा हाय, हे म्हणाल्या नाहीत. तोंड फिरवून रस्त्याकडे बघायला लागल्या.

पहिली गेली. दुसरी गेली. रस्त्याकडेच बघत, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "एक इचारू? त्या पहिल्या डॉक्टरकडं गेलतो आपन. त्यो वाढतीय का म्हनला, अन् म्या उलटंच सांगितलं. तुला तवा कळलं हुतं का गं?"

एवढा रस्ता ज्याच्यासाठी आले होते ते दार त्यांनीच उघडून दिलं होतं.

"न्हाई काकू," मी म्हटलं. "मला कुठं कळतंय."

माझा हात लाकडासारखा झाला. मला स्वतःला कळलं तो झाला ते. बोटं ताठली, अंगठा बाहेर आला, मनगट वरपर्यंत आवळलं. पूर्वी काकूंनी झटक्यात मान वळवली असती. मला वाटत होतं वळवावी. पण त्या तशाच बघत राहिल्या, पंजा दाबत राहिल्या आणि तिसरी बांगडी सरकवत राहिल्या. ती अडली, त्यांना कळलं नाही. त्यांनी जोर केला. मी काही बोलले नाही. या खेपेलाही बोलले नाही.

काच माझ्या हातात रुतली तेव्हा आवाज आला. काकूंनी मान वळवली. रक्त खाली साडीवर पडेपर्यंत त्या नुसत्या बघत होत्या.

"फुटली," त्या म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. अप्पांनीही ऐकला नसावा, कारण टिकल्यांचं पाकीट हातात तसंच धरून त्यांनी वर बघितलं.

"वाढली म्हणा काकू," मी म्हटलं.

"फुटली गं. फुटली ते फुटलीच." पदराचं टोक त्यांनी माझ्या मनगटाला गुंडाळलं, उजव्या हातानं. "हात सैल हुता न्हवं तुजा?"

"हो," मी म्हटलं.

"मंग झालं. माझाच हात गेला म्हनायचा."

उरलेल्या बांगड्या त्यांनी कागदात बांधून माझ्या मांडीवर ठेवल्या. "तिकडं कुनाकडून तरी भरून घे," म्हणाल्या. त्या पुडीला गाठ मी मारली, त्यांना जमली नाही. बाहेर अजून ऊन होतं, बाजार अर्धासुद्धा उठला नव्हता. काकूंनी अप्पांना हाक मारली.

"अवं," त्या म्हणाल्या, "बंद करा दुकान."